टायगर वाटग्यातलं सोडून मोरीतलं पाणी पितो, काय करू?

परभणीहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, कामापुरतं देतो:

"काका नमस्कार. आमच्याकडं टायगर (गावठी, वीसेक किलोचा असेल), मनी नावाची मांजर आणि सासऱ्यांच्या दोन शेळ्या आहेत. व्हरांड्यात पत्र्याखाली स्टीलच्या वाटग्यात पाणी ठेवते पण अकरा वाजेपर्यंत त्यात बोट घालवत नाही. टायगर हुंगतो, तोंड फिरवतो आणि मोरीत जाऊन फरशीवरचं पाणी चाटतो. मी फ्रीजमधला बर्फ टाकायला लागले तर सासूबाई म्हणायलेत कफ होईल, शेजारचे म्हणतात बर्फानं कुत्र्याचं पोट फुगून मरतं. दुपारी लाईट गेली की तसाही बर्फ मिळत नाही. मांजर तर पाण्याला तोंडच लावत नाही. ऑनलाईन एक 'थंड राहणारा बाऊल' दिसलाय, घेऊ का? आणि मामंजी म्हणतात टँकरचं पाणी आहे, सारखं बदलून नासाडी करू नका. नेमकं काय करावं?"

ताई, आधी टायगरला रागवायचं बंद करा, त्याचं बरोबर आहे. मोरीची फरशी दिवसभर ओली असते, वर ऊन नसतं, ओल वाळता वाळता फरशी गार पडते आणि तिथं साचलेलं दोन घोट पाणी तुमच्या वाटग्यातल्यापेक्षा नक्कीच गार असतं. अडचण एवढीच की मोरीत फिनेल असतं, साबण असतो आणि रात्री उंदीर फिरून गेलेले असतात. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंचा आजार) होतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसाला पण होऊ शकतो, त्यामुळं मोरीचं दार लावून घ्यायची सवय लावा. पण दार लावायच्या आधी त्याला दुसरीकडं तसंच गार पाणी दिसलं पाहिजे, नाहीतर तो सरळ गल्लीतली नाली गाठणार.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली ती सगळी मराठवाड्यातच, आणि चैत्र लागला की लोकांचं सुरू व्हायचं, पाणी थंड कसं करू, पाणी थंड कसं करू. माझं म्हणणं एवढंच आहे की थंड करायच्या मागं लागू नका, ते तापणार नाही याची सोय करा, बाकीचं काम आपल्याकडची कोरडी हवा फुकटात करते. लाईट असो नसो.

आता गार पाणी पाहिजेच कशाला ते बघू, कारण इथंच सगळ्यांचा घोळ होतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गादीला थोडाफार येतो तेवढाच. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातली नाकातली ओल हवेत उडून जाते आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. हिशोब करून बघा. 25 डिग्रीचं एक लिटर पाणी पोटात गेलं आणि अंगाच्या तापमानाला आलं (कुत्र्याचं 39 च्या आसपास असतं) तर त्यानं साधारण 14 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतली. तेच एक लिटर धापेतून वाफ होऊन गेलं तर 580 च्या आसपास घेऊन जातं. चाळीस पट! म्हणजे कुत्रं गार होतं ते पाण्याच्या गारव्यानं नाही, पाणी पोटात जाऊन ते पुन्हा श्वासावाटे उडून गेल्यानं. मग गारव्याचा उपयोग काय, तर त्यानं तोंड लावावं आणि पोटभर प्यावं एवढाच. 40-42 डिग्रीचं पाणी तो चाटून सोडून देणार, 26-27 चं असलं की वाटगं रिकामं करणार. फ्रीजसारखं 8-10 डिग्री करायच्या भानगडीत पडायची गरजच नाही. टायगरएवढ्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटर सव्वा लिटर पाणी लागतं, वैशाखात दीडपट दुप्पट धरून चाला, त्यातलं किती पोटात जातंय तेवढं बघा.

तुमच्या वाटग्याचं काय होतंय ते मला पत्र वाचूनच दिसायलंय. एक तर तुम्ही ते बहुतेक नळाचं पाणी भरत असणार आणि आपल्याकडं नळ म्हणजे गच्चीवरची काळी टाकी, ती दहा वाजल्यापासून तापायला लागते, म्हणजे पाणी वाटग्यात पडतं तेव्हाच निम्मं तापलेलं असतं. दुसरं, स्टीलचं वाटगं पातळ, पाणी जेमतेम अर्धा लिटर, एवढं पाणी तापायला कितीसा वेळ लागतो. तिसरं म्हणजे पत्रा. लोकांना वाटतं पत्र्याखाली सावली आहे ना मग झालं, पण मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खाली डोक्यावर हात धरून बघा, वरून झळ लागते. ऊन अडलं पण पत्र्यानं ते गिळून खाली सोडलं. आणि चौथी ती शहाबादी फरशी, दिवसभर तापते आणि संध्याकाळी सात वाजता पण चटका देते, तिच्यावर तुम्ही वाटगं टेकवलंय. वरून, खालून, चारी बाजूंनी शेक. यात बर्फाचे चार खडे टाकून काय होणार, ते दहा मिनिटांत विरघळणार.

तर आधी पाणी कुठलं घ्यायचं. पहाटे पाच-सहाला टाकीतलं पाणी सगळ्यात गार असतं, रात्रभर आभाळाखाली निवलेलं असतं. तेव्हाच जनावरांचं दिवसभराचं पाणी घरातल्या रांजणात नाहीतर मोठ्या माठात काढून ठेवा आणि दिवसभर त्यातूनच देत राहा. नळ दुपारी उघडायचाच नाही. पैसा लागत नाही, नुसतं एवढं केलं तरी फरक दिसतो.

मग जागा. घराच्या उत्तरेला भिंतीच्या कडेला जिथं दुपारी पण सावली राहते ती बघा, नाहीतर दारात कडुलिंबाचं झाड असेल तर त्याच्याखाली, झाडाच्या सावलीसारखी सावली पत्रा कधीच देत नाही. व्हरांड्यातच ठेवायचं असलं तर पत्र्याखाली हातभर अंतर सोडून तुराट्यांचा ताटवा नाहीतर शेडनेट बांधा, पत्र्याची झळ त्याच्यावर अडते. तुराट्या नसल्या तर पऱ्हाटी, पाचट, काहीही चालतं. कोपऱ्यात कोंडलेल्या जागी ठेवू नका, वारा खेळता पाहिजे. इथं लोक वाद घालतात की अहो काका वारा तर गरम आहे, त्यानं पाणी तापेल. कोरडा वारा गरम असला तरी ओल्या मातीला गारच करतो. तुमच्या घरात कूलर असेल, त्यात काय होतं, बाहेरची तीच गरम हवा ओल्या जाळीतून ओढली की आत गार होऊन येते. माठाचं अगदी तसंच आहे, फक्त त्याला मोटर नाही.

म्हणून भांडं मातीचंच घ्या. स्टील नको, प्लॅस्टिक तर नकोच, त्याला कुत्र्याच्या दाताचे ओरखडे पडतात आणि त्या चिरांमध्ये बुळबुळीत थर धरतो तो घासून पण नीट निघत नाही. मातीच्या अंगातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन उडतं आणि आतलं पाणी गार होतं. किती उडावं लागतं बघा: एक लिटर पाणी 40 वरून 25 वर आणायला साधारण 26 मिली पाणी उडालं की पुरे, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. तेच काम बर्फानं करायचं तर दीडशे ग्रॅमच्या आसपास बर्फ लागतो, तोही एकदाच गार करायला. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत घुसत असते त्यामुळं माठाचं पाणी दिवसभर थोडं थोडं उडतच राहतं, पण तो तेवढा वेळ काम पण करत राहतो. बर्फ विरघळला की संपला.

टायगरसाठी कुंभाराकडून पसरट तोंडाचं, जाड बुडाचं मोठं परळ किंवा मातीचं कुंडं घ्या, दोन-तीन लिटर पाणी मावेल असं. अक्षय्य तृतीयेच्या आधी करा-केळीसाठी बाजारात मडकी येतातच, तेव्हा कुंभार भेटतो, त्याला सांगितलं तर पाहिजे तसं आणून देतो. घेताना रंगीत, चकचकीत, नक्षीदार बिलकुल घेऊ नका, दिसायला छान पण रंगानं आणि रोगणानं मातीची छिद्रं बुजलेली असतात, ते पाझरतच नाही आणि पाझरलं नाही तर गार होत नाही, मग ते आणि प्लॅस्टिक सारखंच. बोटाच्या पेरानं वाजवून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे, भद्द आवाज आला की कुठंतरी तडा आहे. आणि तिथंच बाहेरून एक थेंब पाणी लावा, मातीनं तो लगेच पिऊन डाग गडद झाला तर चांगलं, थेंब वरच घरंगळला तर ठेवून द्या परत.

घरी आणल्यावर रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, सकाळी ते पाणी फेका, परत एकदा भरा आणि मग वापरायला काढा. पहिल्या दिवशी मातीचा वास येतो, टायगर नाक मुरडेल, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी येतो वळणावर. साबण लावायचा नाही. माती साबण पिते आणि मग तो पाण्यात उतरत राहतो. काथ्यानं नाहीतर नारळाच्या शेंडीनं नुसत्या पाण्यानं घासायचं.

ठेवायचं कसं ते नीट वाचा, कारण अर्धा गारवा इथंच मिळतो. दोन विटा, त्यावर जुनं घमेलं, घमेल्यात चार बोटं वाळू, वाळूत कुंडं थोडं रुतवून बसवायचं. वाळू सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ओली करायची, गोणपाटाची पट्टी भिजवून कुंड्याच्या पोटाला गुंडाळली तर आणखी चांगलं. विटांमुळं फरशीचा शेक लागत नाही, वाळूमुळं कुंडं कलंडत नाही आणि सांडलेलं पाणी वाळूच पिते, ते पण गारव्याच्या कामाला येतं. दोन मडकी एकात एक ठेवून मधे ओली वाळू भरायची अशीच युक्ती करून नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकानं भाजी टिकवायचं मडकं बनवलं होतं, त्याला 2000 साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्या आज्या रांजणाखाली वाळू घालायच्या, त्यांना कुणी पुरस्कार दिला नाही ते सोडा.

दुपारी दोन वाजता जाऊन हाताची पाठ कुंड्याच्या पोटाला लावून बघा. ओलसर, गार लागलं की काम चालू आहे. कोरडं आणि कोमट लागलं, आणि बाहेरून पांढरी खरपुडी दिसायली असेल तर समजायचं छिद्रं बुजली. आपल्याकडं बोअरच्या पाण्याला क्षार किती असतो ते तुम्हाला सांगायला नको, बादलीला, गिझरला, नळाला सगळीकडं पांढरा थर. तोच थर मडक्याला बाहेरून बसतो. लिंबाची फोड चोळून किंवा पातळ व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवा आणि काथ्यानं खरवडून काढा, मग दोनदा साध्या पाण्यात भिजवा. तरी पाझरत नसेल तर त्यात तुळस लावा आणि नवीन आणा.

शक्यतो दोन कुंडी घ्या, आलटून पालटून वापरा. एक वापरात असताना दुसरं कडक उन्हात वाळवायचं. मातीत लाळ जिरते, कुत्र्याची लाळ चिकट असते, ऊन खाल्लं की मातीचा वास जातो.

एक मात्र आहे, ही सगळी करामत कोरड्या हवेची आहे. हवा 42 डिग्री आणि दमटपणा 15 टक्के असला तर ओलं भांडं जास्तीत जास्त 22 पर्यंत खाली जाऊ शकतं, प्रत्यक्षात 25-26 धरा. पण रोहिणी लागल्या, आभाळ भरून यायला लागलं, अंगाला चिकचिक सुरू झाली की तेच मडकं निकामी वाटायला लागतं. 38 डिग्री आणि 55 टक्के दमटपणा असेल तर 30 च्या खाली ते जाऊच शकत नाही, मग तुम्ही वाळू कितीही ओली करा. मुंबईच्या, कोकणातल्या पाहुण्यांना म्हणूनच आपल्या माठाचं एवढं कौतुक वाटतं. त्या पंधरा-वीस दिवसांत दिवसातून तीन-चार वेळा रांजणातलं ताजं पाणी बदलायचं, तेव्हा बर्फ टाकला तरी हरकत नाही.

बर्फाचं म्हणाल तर सासूबाई आणि शेजारी दोघांनाही नमस्कार सांगा, पण दोघांचंही पटत नाही. बर्फाच्या पाण्यानं कुत्र्याला कफ होत नाही. पोट फुगून पीळ पडायचा आजार खरा आहे, जीवघेणा आहे, पण तो जास्त करून मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना होतो, एकाच वेळी पोट तुडुंब भरून खायला घातलं, हपापल्यासारखं गिळलं की धोका वाढतो. बर्फामुळं होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. तहानेनं व्याकूळ झालेलं कुत्रं एका दमात लिटरभर ढोसतं ते मात्र बरं नाही, मग पाणी गार असो की कोमट. पळून, भांडून आलं असेल तर थोडं थोडं द्या, दहा मिनिटं दम खाऊ द्या. बर्फाचे खडे कडाकडा चावायची खोड असेल तर दात तडकतात, त्यापेक्षा स्टीलच्या डब्यात एक मोठा गोळा जमवा आणि तो टाका, मोठा गोळा हळू विरघळतो. बाजारातली लादी मात्र आणू नका. ती प्यायच्या पाण्याची असेलच असं नाही, म्हणून तर 2018 पासून आपल्या राज्यात न खायच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आला. जे आपण खात नाही ते त्याला कशाला.

मनीचं वेगळं आहे. मांजर मुळात वाळवंटातलं जनावर, कमी पाण्यावर भागवायची तिची जात, तिला तहान लागलेली लवकर कळत पण नाही. रानात ती उंदीर पाखरं खाते त्यात पाणी असतंच, आपण तिला कोरडे दाणे घालतो आणि मग म्हणतो पाणी पीत नाही. तिचं पाणी जेवणाच्या ताटलीला चिकटून ठेवू नका, ती शी-शू करते त्या मातीच्या डब्याजवळ तर नकोच, दोन-तीन ठिकाणी घरात पसरट परळात ठेवा, मिशा काठाला घासल्या की काही मांजरांना आवडत नाही. टायगरच्या वाटेवर पण नको, ती घाबरून जाणारच नाही. खाण्यात दोन चमचे पाणी कालवा, चिकन उकडलं तर मीठ कांदा लसूण न घालता त्याचं पाणी द्या. दूध म्हणजे पाणी नाही, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब झाले तर उलट पाणी कमी होतं. आणि बोका असेल कुणाकडं तर त्यांनी हे लक्षात ठेवावं: तो सारखा बसून कळा देतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

शेळ्यांना चार-पाच लिटर धरा, कडब्यावर असतील तर जास्त, दूध देत असतील तर आणखी. शेळी म्हणजे भारी चोखंदळ, पाण्यात एक लेंडी पडलेली दिसली की ती दिवसभर तहानलेली राहील पण तोंड लावणार नाही. म्हणून तिचं भांडं जमिनीवर नको, फूट दीड फूट उंचावर ठेवा, पाय घालता येणार नाही असं. मडकं शेळ्यांपुढं टिकत नाही, शिंग मारतात. जुनी दगडी डोणी कुठं पडून असेल तर तिच्यासारखं काही नाही, दगड जाड असल्यामुळं पाणी लवकर तापत नाही, नाहीतर सिमेंटचं कुंड गोणपाट गुंडाळून. थर्माकोलच्या पेटीत बादली बसवायची आयडिया लोक करतात, गारवा टिकतो पण, फक्त शेळ्यांच्या जवळ नको, त्या थर्माकोल खातात.

मामंजींना सांगा नासाडी होत नाही. जनावरांचं उरलेलं पाणी झाडांच्या कुंड्यांना, लिंबाच्या बुडाला घाला. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पाण्याची बादली ओतताना बघवत नाही हे मी समजू शकतो. पण पाणी बदलणं म्हणजे फेकणं नाही. आणि बदलावंच लागतं, हिरवं शेवाळ धरलेलं पाणी प्यायला देऊ नये, शिवाय डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, कुंडं, घमेलं, सगळं रिकामं करून आतून घासून कोरडं करायचंच, नुसतं ओतून चालत नाही, अंडी भिंतीला चिकटून राहतात. वाळू उचलताना हात घालायच्या आधी काठीनं हलवा, उन्हाळ्यात ओल बघून तिथं विंचू येऊन बसतो.

ताक पाजू का असं बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, कुत्र्याला पातळ, बिनमिठाचं वाटीभर ताक चालतं, पण तिखट मीठ आलं घातलेला मठ्ठा नको. टरबूज बिया काढून द्या. द्राक्षं, मनुके कुत्र्याला विषारी आहेत, कांदा लसूण कुत्र्याला आणि मांजरीला दोघांनाही वाईट. पाण्यात मीठ साखर आपल्या मनानं घालू नका, साधं पाणीच बरं.

हल्ली आपल्याकडं लोक हस्की घ्यायलेत, चपट्या तोंडाचे पग घ्यायलेत, त्यांच्यासाठी एक ओळ. वर लिहिलंय तेवढ्यावर त्यांचं भागणार नाही. पगला धाप नीट टाकताच येत नाही आणि हस्कीच्या अंगावर बर्फातला कोट आहे. दुपारी कूलरच्या खोलीत ठेवायची सोय नसेल तर आणूच नये, मला हे पटत नाही आणि मी ते तोंडावर सांगतो.

टायगरनं पाणी असूनही धाप थांबवली नाही, लाळ चिकट व्हायली, हिरड्या लालभडक दिसायल्या, चालताना झोकांड्या, उलटी, असं काही दिसलं तर ती तहान नाही, तो उष्माघात आहे. आधी थंड करायचं, मग दवाखाना. सावलीत घ्या, अंगावर, पोटावर, जांघेत साधं पाणी ओतत राहा, फॅन लावा, लाईट नसेल तर पुठ्ठ्यानं वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळानं तो गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो, पाणी ओता आणि वारा लागू द्या. शुद्धीवर असेल आणि स्वतः पित असेल तर पिऊ द्या, निपचित पडलं असेल तर तोंडात पाणी अजिबात ओतू नका, फुफ्फुसात जातं. गाडीत नेताना पण काचा उघड्या. शेळ्यांचं असं काही झालं तर 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

राहिला तो ऑनलाईन बाऊल. त्यात खाली जेल असतं, ते रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि सकाळी काढायचं. एसीतल्या फ्लॅटमध्ये ठीक आहे, तुमच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत ते जेल गरम झालेलं असणार, म्हणजे नेमकं पाहिजे तेव्हा उपयोग नाही, आणि लाईट गेली तर जमणार पण नाही. टायगर चावरा असेल तर जेल बाहेर येईल ते वेगळंच. दुहेरी भिंतीचा स्टीलचा मिळतो तो त्यातल्या त्यात बरा, गार पाणी गार ठेवतो, पण आधी पाणी गार भरावं लागतं आणि मनीसाठी घरात ठेवायला एक घेतला तर चालेल. बाकीचे पैसे शेडनेटला आणि दोन कुंड्यांना लावा, आणि कुंभार पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला तर तोपर्यंत घरातल्या जुन्या माठाचं तोंड फुटलेलं असेल तर त्याच्या कडा घासून बोथट करा आणि त्यातच पाणी ठेवायला सुरुवात करा.